लोकल आणि मुक्कामी गाडी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीच्या कागदावर कापसाची खरेदी आहे, ज्वारीचा भाव आहे, विजेचे रडगाणे आहे आणि शेवटी माझ्या नावापुढे ‘मुंबईची लोकल’ असे छापले आहे. ते वाचून दोघातिघांनी मला मंडपात शिरतानाच गाठले. म्हणाले, “साहेब, आम्हाला गावातून तालुक्याला जायला गाडी नाही आणि तुम्ही आम्हाला मुंबईची गाडी काय दाखवता?” त्यांचा प्रश्न बरोबर आहे. माझा विषयही तोच आहे. ज्याच्या दारात मोटार नाही अशा माणसाने कामावर कसे जायचे, त्याच्या पोरांनी शाळेत कसे जायचे, याचे उत्तर मुंबईच्या उपनगरांनी काय काढले आणि त्याची किंमत काय मोजली, हे कोरडवाहू शेतकऱ्याने समजून घेतले पाहिजे. शिवाय तुमच्यातल्या निम्म्याअधिक घरांतला कोणी ना कोणी आज घाटकोपरच्या टेकडीवर, मुलुंडच्या चाळीत नाहीतर विरारच्या खोलीत आहेच. तो पैसे पाठवतो ते तुम्हाला कळते. तो कामावर कसा पोचतो ते कळत नाही.

आधी एक जुनी गोष्ट. मुलुंड-घाटकोपरची माणसे ज्या रुळांवरून रोज कामाला जातात ते रूळ टाकले कोणासाठी? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेत सगळेच शिकलो. पण गोऱ्या कंपनीचे डोळे ठाण्यावर नव्हते, वऱ्हाडच्या कापसावर होते. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेवाचून दुसरीकडचा कापूस हवा होता. म्हणून घाट फोडला, भुसावळ गाठले, बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपूर गाठले. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर अशी अरुंद रुळांची शकुंतला आली, तीही कापसाच्या गाठी ओढायला. आज बोरीबंदरच्या बाजूला दर तीन-चार मिनिटांना गाडी आहे आणि ज्या कापसासाठी लोखंड अंथरले त्या मुलखातली शकुंतला बंद पडून वर्षे झाली. रुळांमध्ये बाभळी वाढल्या आहेत.

आपला कापूस मुंबईत गेला की त्याचे सूत काढणारा गिरणीकामगार त्या वेळी लोकलने कामावर जात नव्हता. तो चालत जायचा. लालबाग, परळ, डिलाइल रोड इथे चाळ आणि गिरणी यांत हाकेचे अंतर. भोंगा झाला की माणूस जिना उतरायचा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या एकामागून एक बसल्या. जमिनी विकल्या गेल्या. कामगाराची पोरे खोली विकून बोरिवलीच्या पलीकडे, डोंबिवली-बदलापूरला गेली. आणि आता गंमत पाहा, गिरणीच्या त्याच जागेवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्याच कामगाराचा नातू तिथे कोणी कारकून, कोणी पहारेकरी म्हणून तीस-चाळीस मैलांवरून रोज येतो. आजोबा दहा मिनिटे चालत जायचा, नातू दीड तास उभा राहून जातो.

जागा बदलली, माणसे वाढली, पण स्टेशनचे जिने गिरणीच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला, म्हणून एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशन जोडणाऱ्या अरुंद पुलावर लोक थांबले. मागून दोन्हीकडच्या गाड्या रिकाम्या होत राहिल्या. त्या चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. ना आग, ना बॉम्ब. नुसती कामावर जायची गर्दी.

आता हे रोजचे जाणे कसे चालते ते सांगतो. बोरिवलीच्या माणसाला तुम्ही विचारा, किती वाजता निघता? तो ‘आठच्या सुमारास’ असे म्हणणार नाही. ‘सात बावन्न’ म्हणेल. गाडीला नाव नाही, तिची वेळ हेच तिचे नाव. त्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या दारापाशी, ठरलेली माणसे. चर्चगेटकडे जाणाऱ्या विरारच्या जलद गाडीत बोरिवली-अंधेरीच्या माणसाने चढायचे म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर औत घातल्यासारखे आहे. भांडण ठरलेले. तीन माणसांच्या बाकावर चौथा अर्धा टेकतो, त्याला ते चौथी सीट म्हणतात. बसलेल्याला उभा असलेला आधीच विचारून ठेवतो, “अंधेरी?” त्याने मान हलवली की अंधेरीला ती जागा याची. हे कायद्यात कुठे लिहिलेले नाही. सात-बारा नसलेली ही वहिवाट आहे, आणि आपल्या बांधापेक्षा तिथे कमी डोकी फुटतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हीच माणसे वर्गणी काढून डब्याला झेंडूची तोरणे बांधतात, पूजा करतात, पेढे वाटतात. आपण पोळ्याला बैल सजवतो, तसेच हे. ज्याच्या जिवावर घर चालते त्याला वर्षातून एक दिवस ओवाळायचे.

बायकांचा डबा वेगळा. ५ मे १९९२ पासून चर्चगेट-बोरिवली अशी अख्खी गाडीच बायकांसाठी सुटू लागली. शिवाय मालडबा आहे. त्यात कोळणी, भाजीवाले, आणि डोक्यावर लांब फळी घेतलेले डबेवाले. हे डबेवाले जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ इकडचे, म्हणजे शेतकऱ्यांचीच पोरे. कोरोनाच्या आधी पाचेक हजार माणसे होती, आता पुष्कळ कमी झाली. सायकल आणि लोकल या दोन गोष्टींवर त्यांनी सव्वाशे वर्षांवर धंदा चालवला, कोणाच्याही डिझेलवाचून.

जिथे लोकल नाही तिथे काय, तेही ऐका. मुंबई उत्तर-दक्षिण लांब आहे आणि रूळही तसेच. घाटकोपर पूर्वेच्या लाइनवर, अंधेरी पश्चिमेच्या. मधले अंतर फार नाही, पण रेल्वेने जायचे तर दादरपर्यंत खाली उतरून पुन्हा वर चढायचे, नाहीतर बसमध्ये बसून तासाच्या वर धूर खायचा. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो सुरू झाली आणि त्या प्रवासाला वीस-एकवीस मिनिटे लागू लागली. असल्फ्याच्या टेकडीवरच्या झोपडीतली धुणीभांडी करणारी बाई आज ती गाडी पकडून अंधेरीच्या घरी कामाला जाते. भाडे लोकलपेक्षा जास्त आहे, तरी ती देते. का देते? कारण वाचलेल्या तासात तिला आणखी एका घरचे काम मिळते. हे लक्षात ठेवा, मला यावर पुन्हा यायचे आहे.

आता पैशाकडे येऊ. बोरिवली ते चर्चगेट दुसऱ्या वर्गाचे एकेरी तिकीट पंधरा रुपये. महिन्याचा पास म्हणजे साधारण पंधरा फेऱ्यांचे पैसे, म्हणजे सव्वादोनशेच्या घरात. तेवढ्यात महिनाभर कितीही वेळा जा-ये करा. आता आपल्या पोराचा हिशेब मांडा. गाव ते तालुका पंधरा किलोमीटर. जाऊन-येऊन तीस. मोटारसायकल लिटरला पन्नास देते असे धरा, रोज सहाशे मिली पेट्रोल. लिटर शंभराच्या वर आहे, म्हणजे रोज साठ-पासष्ट रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पंधराशे-सोळाशे. वर्षाचे अठरा-एकोणीस हजार. क्विंटलला सात-साडेसात हजार धरले तर अडीच क्विंटल कापूस झाला. कोरडवाहूत एकरी उतारा तीन-चार क्विंटल येतो. म्हणजे जवळजवळ एका एकराचा कापूस नुसता टाकीत ओतला. गाडीचा हप्ता, टायर, आणि पडल्यावरचा दवाखाना मी धरलेलाच नाही. मुंबईच्या कारकुनाला कामावर जायला आपल्या पोराच्या सातव्या हिश्श्याइतकाच खर्च येतो.

यावर आपल्यातले काही जण लगेच म्हणतील, बघा, शहराचे लाड. मी तेवढ्यावर थांबत नाही. स्वस्त पासाचा खरा फायदा कोणाला? पास स्वस्त म्हणून बदलापूरचा माणूस कमी पगारात परळला काम करू शकतो. फायदा कचेरीच्या मालकाचा. आपली ज्वारी स्वस्त ठेवली तीही त्याचसाठी, मजुरी वाढू नये म्हणून. तो आणि आपण एकाच हिशेबाच्या दोन ओळी आहोत.

पण त्या माणसाने एक काम केले जे आपण केले नाही. जून २०१४ मध्ये सरकारने रेल्वेचे भाडे वाढवले आणि पासाचा हिशेब पंधराऐवजी तीस फेऱ्यांवर धरायचे ठरवले. म्हणजे पास दुप्पट, काही ठिकाणी दुपटीच्या वर. २० तारखेला जाहीर झाले, मुंबईत गदारोळ झाला, सत्ताधारी पक्षांचे खासदारच रेल्वेमंत्र्यांकडे धावले, आणि २४ तारखेला पासाची वाढ मागे घेतली. चार दिवस. विधानसभेची निवडणूक चार महिन्यांवर होती हे खरे. पण निवडणूक आपल्याकडेही होतीच की! आपला कोणता निर्णय चार दिवसांत फिरला?

आता दुसरी बाजू सांगतो, कारण मुंबईचे नुसते गुणगान करायला मी उभा नाही. पास वाचवला, पण गाडी वाढवून घ्यायला तेवढा जोर लागला नाही. कोरोनाच्या आधी रोज पाऊणशे लाख माणसे लोकलने जात होती, तीन हजारांवर फेऱ्यांत. गर्दीच्या वेळी चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसे उभी असतात असे रेल्वेचेच लोक सांगतात. चौरस मीटर म्हणजे केवढा? कापसाच्या वाणाप्रमाणे एखाद-दोन झाडांना आपण तेवढी जागा देतो. तिथे सोळा माणसे! जो आत मावत नाही तो दारात लटकतो. २०२३ साली मुंबईच्या रुळांवर अडीच हजारांवर माणसे मेली, रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, खांबाला आपटून. वर्षाच्या वर्षाला असेच चालते. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारातली माणसे एकमेकांना घासली आणि खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. उच्च न्यायालयाने २०२४ मध्येच म्हटले होते की गुराढोरांसारखी माणसे कोंबून नेता, याची लाज वाटते.

इथे एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपली पोरे तिथे आहेत. चालत्या लोकलमधून पडून प्रवासी मेला तर रेल्वे कायद्याप्रमाणे त्याच्या वारसांना आठ लाख रुपये भरपाई आहे. ती रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनलकडे मागावी लागते. तो खरोखर प्रवासी होता हे दाखवायला पास किंवा तिकीट उपयोगी पडते. रूळ ओलांडताना मेला तर ही भरपाई नाही. तेव्हा पोराला फोनवर ‘जपून जा’ म्हणता ना, त्यासोबत सांगा की पास खिशात ठेव आणि पुलावरूनच जा.

आणि आता बेस्टची बस, कारण आपला धडा तिच्यात जास्त आहे. १५ जुलै १९२६ ला मुंबईत पहिली बस धावली. उपनगरात स्टेशनपासून घरापर्यंत, घरापासून शाळेपर्यंत हीच. बेस्टच्या चार हजारांवर गाड्या होत्या. जुलै २०१९ मध्ये तिचे कमीत कमी भाडे आठाचे पाच रुपये केले. टाळ्या पडल्या. पण जुन्या गाड्या भंगारात जात राहिल्या, नव्या त्या मानाने आल्या नाहीत आणि संख्या तीन हजारांच्या खाली आली. पाच रुपयांचे तिकीट हातात घ्यायला माणूस थांब्यावर पाऊणपाऊण तास उभा. वाट बघून कंटाळला की शेअर रिक्षाला जास्त पैसे मोजून जातो. मग मे २०२५ मध्ये भाडे दुप्पट, दहा रुपये केले. ज्याच्यापाशी मोटार आहे त्याच्यासाठी त्याच काळात तेरा हजार कोटींच्या वर खर्चून समुद्रकाठाने रस्ता बांधला. त्यावर दुचाकीलासुद्धा मनाई आहे. गरिबाला दिले काय, तर स्वस्त तिकीट. श्रीमंताला दिला रस्ता. तिकीट स्वस्त करायला कागद पुरतो, गाडी आणायला पैसा लागतो.

आता मी आपल्या गावात येतो.

आपल्याकडे एसटीची सवलत मुंबईपेक्षा मोठी आहे हे किती जणांना माहीत आहे? खेड्यातल्या शाळकरी मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट. इतर विद्यार्थ्यांना तिकिटाचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. म्हाताऱ्यांना सवलत. मागास तालुक्यांत मुलींसाठी मानव विकासच्या निळ्या गाड्या. कागद पाहिला तर आपण राजे आहोत. पण गाडी? एसटीच्या अठरा हजारांच्या घरात गाड्या होत्या, त्या चौदा-पंधरा हजारांवर आल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२१ मध्ये संप झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांच्या मागणीशी माझे भांडण नाही. पण त्या वेळी बंद झालेल्या कितीतरी फेऱ्या आपल्या भागात पुन्हा सुरूच झाल्या नाहीत. मुक्कामी गाडी तर म्हातारी माणसे गोष्टीत सांगतात तशी झाली आहे. रात्री गावात यायची, चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपायचे, कोणाच्या तरी घरून भाकरी जायची, आणि पहाटे सहाला तीच गाडी पोरांना घेऊन निघायची. त्या गाडीने या जिल्ह्यातले किती मास्तर, किती नर्सा, किती ग्रामसेवक घडवले, मोजा.

पोरीच्या हातात फुकट पास आहे आणि फाट्यावर गाडी नाही. मुंबईची सोळा वर्षांची पोर पहाटे सहाला बायकांच्या डब्यात चढून सातच्या कॉलेजला एकटी जाते, आई-बाप निर्धास्त. आपली सोळा वर्षांची पोर काळीपिवळीत कोंबून जाते, नाहीतर जातच नाही. फेरी बंद झाली की पोरगा कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जातो. पोरीची शाळा त्या महिन्यात सुटते, आणि पुढच्या लग्नसराईत तिचे लग्न. मी हे आकड्याने सिद्ध करणार नाही. तुम्ही आपापल्या गल्लीतली नावे आठवा.

मी शेतकी शिकलेला माणूस. रब्बी ज्वारीला एकच पाणी द्यायचे असेल तर ते केव्हा द्यायचे, हे तुम्हाला सांगायला नको. पोटरीत असताना. ते एक पाणी चुकवून पुढे चार दिली तरी कणीस भरत नाही. गाडीचे तसेच आहे. दुपारी एकला रिकामी गाडी येऊन गेली याचा शाळेला काही उपयोग नाही. सकाळी शाळेच्या आधी पोचवणारी एक आणि संध्याकाळी सुटल्यावर आणणारी एक, या दोन फेऱ्या मिळाल्या तर बाकी आपण कसेही निभावतो. म्हणून माझे म्हणणे आहे की भाड्यातली सवलत मागणे आता पुरे. ती मिळालेली आहे. वेळ मागायची. असल्फ्याची ती बाई मेट्रोला जास्त पैसे देते, कारण गाडी वेळेवर येते. आपल्यालाही दोन रुपये जास्त पडले तरी चालतील, सात वाजताची गाडी सातला आली पाहिजे. काही कार्यकर्त्यांना हे पटणार नाही, त्यांनी पुढच्या वेळी उभे राहून सांगावे.

मुंबईचा माणूस आपला वैरी नाही, हेही सांगून टाकतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी चालत मुंबईला गेले. झेंडा आपला नव्हता, ते सोडा. ठाण्यावरून मुलुंड, घाटकोपर करत ११ तारखेला सोमय्या मैदानात उतरले. पाय सोलवटलेले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला तर पोरे केंद्रावर कशी पोचणार, म्हणून ती माणसे विश्रांती सोडून मध्यरात्री उठली आणि अंधारातच आझाद मैदानावर गेली. उपनगरातल्या लोकांनी त्यांना पाणी दिले, खायला दिले, कोणी चपला दिल्या. पोराला परीक्षेला वेळेवर पोचायचे असते, हे दोघांनाही न सांगता कळले.

आता काम. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणायचा. त्यावर चार गोष्टी हव्यात. पाचवीपासून बारावीपर्यंत गावाबाहेर शिकायला जाणारी मुले किती, मुली किती. शाळा कुठे आणि भरण्या-सुटण्याची वेळ काय. कोणती फेरी कोणत्या साली बंद झाली. आणि मुक्कामी गाडी आली तर चालक-वाहकाच्या झोपण्याची, पाण्याची, संडासाची सोय गाव कुठे करणार. ही चौथी गोष्ट विसरू नका. आगारात गेले की पहिले उत्तर तेच मिळते, की मुक्कामाची सोय नाही. कागदावर सरपंचाची, मुख्याध्यापकांची आणि निदान दहा मायबहिणींची सही हवी. रस्ता खराब असेल तर त्याचे किलोमीटर लिहा. सगळ्या गावांचे कागद एकत्र करून, एका मार्गावरची गावे एका फेरीत बसवून, वेळापत्रक आपणच तयार करायचे आणि ते घेऊन आगार व्यवस्थापकांकडे जायचे. शाळा उघडायच्या आधी, पेरणीच्या गडबडीत कोणी सापडणार नाही म्हणून उन्हाळ्यातच. ज्यांच्या गावाचा कागद नसेल त्यांची फेरी त्या वेळापत्रकात नसेल.

कागद तालुका प्रमुखांकडे द्यायचे आहेत. आता कापूस खरेदीचा विषय घेऊ.